टर्मिनलमध्ये चालते, एडिटरमध्ये नाही: इंटेलवरून ॲपल सिलिकॉनवर आलेल्या एका पायथॉन प्रणालीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयाने बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी हिशेबाची प्रणाली तयार केली आहे. सौद्यात गेलेल्या प्रत्येक लॉटचे वजन, दर, हमाली, तोलाई आणि इतर कपात यांचा मेळ घालून शेतकऱ्याच्या नावाची मराठी पट्टी तयार करणे हे या प्रणालीचे मुख्य काम आहे. दिवाळीच्या तोंडावर सांगली आणि तासगावच्या बाजारात शून्य पेमेंटसाठी बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद ठेवले जातात, व्यापाऱ्यांकडची येणी वसूल केली जातात आणि शेतकऱ्यांचे हिशेब पूर्ण केले जातात. नवे सौदे नसल्यामुळे प्रणालीत बदल करायला हा काळ सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात थकबाकीची यादी आणि जुन्या पट्ट्यांच्या प्रती याच काळात सर्वाधिक मागितल्या जातात. कार्यालयाने संगणक बदलण्यासाठी नेमका हाच काळ निवडला होता.

प्रणाली पायथॉनमध्ये लिहिलेली आहे. हिशेबासाठी पांडाज, मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलण्यासाठी मायएसक्यूएलक्लायंट आणि पट्टीची पीडीएफ बनवण्यासाठी वीझीप्रिंट ही ग्रंथालये, म्हणजे तयार कोडचे संच, तिच्यात वापरली आहेत. वीझीप्रिंट अक्षरजुळणीसाठी पँगो या सी भाषेतील ग्रंथालयावर अवलंबून असते. शेतकऱ्याच्या नावातील जोडाक्षर नीट उमटणे किंवा तुटणे पँगोच्या हाती असल्यामुळे त्याला बाजूला सारून काम भागवण्याचा पर्याय येथे नव्हता.

जुना संगणक इंटेल प्रोसेसरचा मॅकबुक प्रो होता आणि नवा एम२ चिपचा मॅकबुक एअर. ॲपलने इंटेलकडून स्वतःच्या आर्म धर्तीच्या चिपकडे (ॲपल सिलिकॉन) जाण्याची घोषणा जून २०२० मध्ये केली आणि एम१ चिपचे पहिले संगणक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आणले. या दोन प्रोसेसरांचे आज्ञासंच वेगळे असल्याने एक्स८६-६४ साठी, म्हणजे इंटेलसाठी, तयार झालेली बायनरी फाइल आर्म६४ वर, म्हणजे ॲपलच्या चिपवर, जशीच्या तशी चालत नाही. ती चालावी म्हणून रोझेटा २ हा अनुवादक पुरवला आहे आणि तो आपले काम फार चांगले करतो. माझ्या मते या प्रकरणातील गोंधळाचे मूळ त्याच्या या चांगुलपणातच होते, कारण जुना आणि नवा ऐवज एकत्र मिसळला गेल्याचे तो कोणाच्या लक्षातच येऊ देत नाही.

कार्यालयातील प्रोग्रामर मॅडमनी मायग्रेशन असिस्टंट या मॅकच्या स्थलांतर-साधनाने सर्व सामग्री जुन्या संगणकावरून नव्यावर आणली. होम फोल्डर आला, त्यातील पायएन्व्ह या साधनाने बसवलेल्या पायथॉन आवृत्त्या आल्या आणि ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये बसवलेले इंटेलचे होमब्रू हे पॅकेजे बसवणारे साधनही सगळ्या ग्रंथालयांसह आले. सुरुवातीचे काही दिवस प्रणाली बिनतक्रार चालली आणि पट्ट्याही निघाल्या.

पहिली अडचण: आहे तरी नाही

अडचण सुरू झाली ती पायथॉन ३.११ बसवताना. जुनी प्रणाली ३.८ वर होती आणि त्या आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला होता, त्यामुळे बदल आवश्यकच होता. पायएन्व्ह मूळ सी कोडपासून पायथॉनची बांधणी करते. ही बांधणी बराच वेळ चालली आणि शेवटी एका ओळीवर थांबली. त्या ओळीचा आशय असा होता की पायथॉनचा एसएसएल (सुरक्षित जोडणीचा) विस्तार तयार झाला नाही, ओपनएसएसएल ग्रंथालय संगणकावर नाही का?

हा प्रश्न वाचल्यावर कोणीही जे करील तेच मॅडमनी केले. होमब्रूला ओपनएसएसएल बसवायला सांगितले, तेव्हा ते आधीच बसवलेले आणि अद्ययावत असल्याचे उत्तर आले. बांधणी पुन्हा केली आणि तीच ओळ पुन्हा आली. मग ग्रंथालय काढून नव्याने बसवायचा प्रयत्न केला, तर होमब्रूने आर्म प्रोसेसरवर इंटेलच्या ठिकाणी काहीही बसवणार नाही असे स्पष्ट सांगितले. वास्तविक निदान येथेच हाती आले होते. परंतु त्यावर सर्रास सुचवला जाणारा एक तोडगा आहे, तो म्हणजे आज्ञेच्या आधी ‘आर्च -एक्स८६-६४’ असे लिहिणे. त्याने होमब्रू इंटेलचे सोंग घेऊन चालते आणि तक्रार थांबते. हा तोडगा वापरून ओपनएसएसएल नव्याने बसले, मात्र बसले ते पुन्हा इंटेलचेच.

कार्यालयाने मला बोलावले तेव्हा मी शेवटची ओळ बाजूला ठेवून बांधणीच्या नोंदी वरपासून वाचायला घेतल्या. बांधणी फसली की पायएन्व्ह आपला तात्पुरता फोल्डर मागे ठेवते आणि त्याचा पत्ताही पडद्यावर देते. त्यातील कॉन्फिग लॉगमध्ये, ओपनएसएसएलशी जोडणी होते का या चाचणीचे उत्तर ‘नाही’ असे नोंदले होते. त्याच्या थोडे वर लिंकरची, म्हणजे कोडला ग्रंथालये जोडणाऱ्या साधनाची, सूचना होती की ‘/यूएसआर/लोकल’ मधील फाइल एक्स८६-६४ ची असून आर्म६४ ची हवी आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले आहे. लिंकरच्या दृष्टीने ही केवळ सूचना होती, चूक नव्हती, त्यामुळे तो पुढे गेला. पुढे आवश्यक चिन्हे (ग्रंथालयातील फंक्शनांची नावे) सापडली नाहीत, चाचणी नापास झाली, एसएसएल विस्तार वगळला गेला आणि अखेरीस पायएन्व्हने आपल्या परीने अर्थ लावून ग्रंथालय नसल्याची शंका बोलून दाखवली. ग्रंथालय होते आणि ते ठिकाणावरही होते, पण दुसऱ्या प्रोसेसरचे होते.

घोडे नेमके कुठे पेंड खात होते ते यावरून समजले. टर्मिनल मूळ आर्मचे होते, त्यामुळे कंपायलर आर्म६४ साठी कोड तयार करत होता. ग्रंथालयांचा पत्ता मात्र पायएन्व्ह होमब्रूला विचारत होती, आणि शेलच्या शोधमार्गावर, म्हणजे आज्ञा जेथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, पहिले सापडणारे होमब्रू जुने इंटेलचे होते. दोन्ही साधने आपापल्या जागी बरोबर होती, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता.

दुसरी अडचण: एकच पायथॉन, दोन रूपे

मी येण्यापूर्वी मॅडमनी आणखी दोन मार्ग वापरून पाहिले होते आणि त्यांच्या एकत्र परिणामातून या प्रकरणातील सर्वांत चकवणारे लक्षण उभे राहिले होते. एक म्हणजे टर्मिनलच्या माहिती चौकटीत ‘रोझेटा वापरून उघडा’ या पर्यायावर खूण केली होती. दुसरे म्हणजे पायएन्व्हचा नाद सोडून पायथॉनच्या अधिकृत स्थळावरील तयार इन्स्टॉलर बसवला होता. हा इन्स्टॉलर युनिव्हर्सल२ प्रकारचा असतो, म्हणजे एकाच फाइलमध्ये एक्स८६-६४ आणि आर्म६४ अशा दोन्ही प्रोसेसरांचा कोड भरलेला असतो. पायथॉन ३.९.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, असे इन्स्टॉलर मिळतात.

“सर, टर्मिनलमध्ये सगळं चालतंय, पण एडिटरमधून रन केलं की पांडाजच सापडत नाही. पायथॉन तोच आहे, एन्व्हायर्नमेंटही तेच आहे, मी दहादा बघितलंय,” असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोन्हीकडे पायथॉनचा मार्ग विचारला तर उत्तर एकच येत होते.

मी टर्मिनलची खिडकी आणि एडिटरमधील टर्मिनल शेजारी शेजारी उघडून दोन्हीत ‘युनेम -एम’ ही आज्ञा दिली. डावीकडे उत्तर आले एक्स८६-६४ आणि उजवीकडे आर्म६४. संगणक एकच, वापरकर्ता एकच आणि फोल्डरही एकच होता, तरी प्रोसेसर दोन सांगितले जात होते. मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग आपणहून म्हणाल्या, “म्हणजे मी पिप इकडून चालवत होते आणि प्रोग्राम तिकडून.”

कार्यपद्धती अशी असते. युनिव्हर्सल२ पायथॉन ज्या प्रक्रियेतून सुरू होते, सर्वसाधारणपणे तिच्याच प्रोसेसरचे रूप घेते. रोझेटाखाली उघडलेल्या टर्मिनलमध्ये ते इंटेलचे झाले, त्यामुळे पिप या ग्रंथालये बसवणाऱ्या साधनानेही पांडाज आणि तिला लागणाऱ्या नमपायची एक्स८६-६४ साठी तयार केलेली व्हील (बसवायला तयार पॅकेजे) उतरवून त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रणालीच्या ग्रंथालयांच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये, ठेवली. एडिटर आर्मचा असल्याने त्यातून सुरू झालेले तेच पायथॉन आर्म६४ रूपात आले आणि इंटेलच्या फाइली उघडता न आल्यामुळे थांबले. त्रुटीच्या लांबलचक मजकुरात ‘आहे एक्स८६-६४, हवे आर्म६४’ हे शब्द होते, पण नमपायच्या त्रुटीसंदेशात इतर सल्ल्यांचा इतका भरणा असतो की नजर त्यांवरच अडकते.

मायएसक्यूएलक्लायंटची गोष्ट अधिक अवघड होती, कारण तेथे प्रोसेसरचा उल्लेख कोठेच येत नव्हता. एडिटरमधून चालवल्यावर तो सांगत होता की ‘_मायएसक्यूएल_ॲफेक्टेड_रोज’ हे चिन्ह सपाट नामावकाशात सापडले नाही. ज्याने हा संदेश पहिल्यांदा पाहिला आहे त्याला तो डेटाबेसच्या आवृत्तीचा दोष वाटेल. खरे कारण असे की हे ग्रंथालय आपल्या संगणकावर कंपाइल केले गेले होते आणि युनिव्हर्सल२ पायथॉन असे विस्तार दोन्ही प्रोसेसरांसाठी एकदम बांधते. जोडायला ‘/यूएसआर/लोकल’ मधील केवळ इंटेलचे मायएसक्यूएल उपलब्ध होते. पायथॉनचे विस्तार जोडताना न सापडलेली चिन्हे चालवताना शोधण्याची मुभा लिंकरला दिलेली असते. त्यामुळे आर्मचा अर्धा भाग रिकाम्या हाताने बांधला गेला, बांधणी यशस्वी ठरली आणि फाइल तपासली तर तिच्यात दोन्ही प्रोसेसर व्यवस्थित दिसत होते. उणीव चालवण्याच्या क्षणी उघड झाली. ‘लिपो -आर्च्स’ ही फाइलमधील प्रोसेसर दाखवणारी तपासणी विस्ताराच्या फाइलवर करून भागत नाही, तो ज्या मूळ ग्रंथालयाशी जोडला आहे त्यावरही ती करावी लागते, हे येथे प्रत्यक्ष दिसले.

निर्णय

सगळे काही रोझेटाखालीच चालवावे असा एक पर्याय कार्यालयातून पुढे आला. टर्मिनलप्रमाणे एडिटरही इंटेलच्या रूपात उघडला असता तर त्या दिवशी पट्ट्या निघाल्या असत्या, हे मान्यच करावे लागेल. परंतु मी त्याच्या विरोधात मत दिले. मॅकओएस २६ ही इंटेल संगणकांसाठीची शेवटची आवृत्ती असून सर्वसाधारण वापराचे रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील आणि त्यानंतर त्याचा काही भाग केवळ जुन्या खेळांपुरता ठेवला जाईल, असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले आहे. ज्या जमिनीची मुदत ठरली आहे तिच्यावर नवे बांधकाम करायला माझी तयारी नव्हती. अर्थात थकबाकीची यादी कोणासाठी थांबणार नव्हती. एका अडत्यांचा “मॅडम, पट्ट्या आज मिळतील ना?” असा फोन माझ्यासमोरच आला. म्हणून तोपर्यंतचे काम जुन्या इंटेल संगणकावरून चालू ठेवायचे आणि नव्यावर मुळापासून मांडणी करायची, असे ठरले. जुना संगणक पुसून टाकण्याची घाई कार्यालयाने केली नव्हती, याचा या वेळी फार उपयोग झाला.

दुरुस्ती

पहिले काम टर्मिनलवरील रोझेटाची खूण काढण्याचे. त्यानंतर जुन्या होमब्रूमध्ये ज्यांवर दुसरे कोणतेही पॅकेज अवलंबून नाही अशी पॅकेजे कोणती, याची यादी ‘ब्रू लीव्ह्ज’ या आज्ञेने काढून ठेवली. नवे होमब्रू ‘/ऑप्ट/होमब्रू’ मध्ये बसवले. आर्मसाठी होमब्रूचे हेच नेमलेले ठिकाण आहे आणि फेब्रुवारी २०२१ मधील ३.०.० आवृत्तीपासून त्याला अधिकृत आधार आहे. दोन्ही प्रोसेसरांची ठिकाणे वेगळी ठेवली आहेत ती दोन्ही एकाच संगणकावर एकमेकांना धक्का न लावता राहू शकावीत म्हणूनच.

नवे होमब्रू बसल्यावरही ‘विच ब्रू’ विचारले तर जुनाच पत्ता येत होता. होमब्रूची सूचना पाळून नवी ओळ झेडप्रोफाइल फाइलमध्ये घातली होती, पण स्थलांतरातून आलेल्या झेडएसएचआरसी फाइलमध्ये ‘/यूएसआर/लोकल/बिन’ शोधमार्गाच्या अगदी पुढे लावणारी जुनी ओळ होती. शेल सुरू होताना झेडप्रोफाइल आधी आणि झेडएसएचआरसी नंतर वाचली जाते, त्यामुळे शेवटचा शब्द जुन्या ओळीचा ठरत होता. ती ओळ काढली आणि नवे टर्मिनल उघडले. येथे शोधमार्ग तपासल्याशिवाय पुढे गेलो असतो तर पहिलीच अडचण जशीच्या तशी परत आली असती.

त्यानंतर ओपनएसएसएल, एक्सझेड, मायएसक्यूएल क्लायंट, पँगो आणि पायएन्व्ह नव्या होमब्रूमधून बसवले, पायएन्व्हच्या फोल्डरमधील जुन्या पायथॉन आवृत्त्या दुसरीकडे हलवल्या आणि ३.११ ची बांधणी पुन्हा केली. ती एकदाही न अडखळता पूर्ण झाली. तयार झालेल्या फाइलवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवून केवळ आर्म६४ असल्याची खात्री करून घेतली. युनिव्हर्सल२ पायथॉन आम्ही जाणीवपूर्वक ठेवले नाही. ज्या कार्यालयाला एकाच प्रोसेसरवर काम करायचे आहे त्याला दोन रूपांची सोय लागत नाही, आणि ज्या पायथॉनमध्ये इंटेलचा कोडच नाही ते चुकून इंटेलचे होऊ शकत नाही.

जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता सगळी काढून टाकली आणि नव्याने तयार केली. पिपच्या साठ्यात घरच्या घरी बांधलेली मायएसक्यूएलक्लायंटची व्हील पडून होती, म्हणून ‘पिप कॅश पर्ज’ या आज्ञेने तो साठाही रिकामा केला. आवश्यक ग्रंथालयांच्या यादीत नमपाय १.१९ वर खिळवलेले होते. मॅकच्या आर्म प्रोसेसरसाठी तयार व्हील नमपायने १.२१ पासून द्यायला सुरुवात केली आणि पायथॉन ३.११ साठी तर त्याहूनही नवी आवृत्ती लागते, त्यामुळे यादीतील जुने आकडे पुढे नेणे क्रमप्राप्त होते. त्यानंतर एका जुन्या हंगामाचे सर्व सौदे दोन्ही संगणकांवर चालवून पट्ट्यांच्या बेरजा पैशापर्यंत जुळतात का हे ताडून पाहिले आणि त्या जुळल्या.

राहिली होती पीडीएफ. आर्मचे पायथॉन आणि आर्मचे पँगो असूनही वीझीप्रिंट इंटेलची फाइल सापडल्याची तक्रार करत होते, आणि ‘/यूएसआर/लोकल/लिब’ चे नाव तात्पुरते बदलले तर काहीच सापडले नाही म्हणत होते. वीझीप्रिंट पँगोला चालू असताना नावाने हाक मारते. अशा वेळी मॅकओएस पर्यायी जागा म्हणून ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मध्ये पाहते, ‘/ऑप्ट/होमब्रू/लिब’ मध्ये पाहत नाही. त्यासाठी ‘डीवायएलडी_फॉलबॅक_लायब्ररी_पाथ’ हे चल नव्या जागेकडे वळवावे लागते. टर्मिनलमध्ये ते दिल्यावर पट्टी उमटली, पण रोज संध्याकाळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चल देऊनही तीच तक्रार राहिली. ॲपलच्या सुरक्षाव्यवस्थेत संरक्षित असलेला सिस्टिममधील प्रोग्राम मधे आला की ‘डीवायएलडी’ने सुरू होणारी चले पुसली जातात, आणि पायएन्व्हचा पायथॉन हा शिम (खऱ्या पायथॉनकडे नेणारा मधला दुवा) प्रत्यक्षात एक स्क्रिप्ट असून तो ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह’ मधूनच सुरू होतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये चल निश्चित केल्यावर लगेच पुढच्या ओळीत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील पायथॉनला त्याच्या पूर्ण पत्त्याने बोलावले. ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘श्रीकृष्ण’ ही नावे छापील पट्टीवर न तुटता आलेली पाहिल्यावरच आम्ही हा भाग पूर्ण झाला असे धरले.

सर्व्हरवरील परिणाम

प्रणाली ज्या भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालते तो एक्स८६-६४ चाच आहे, आणि तेथे डॉकर इमेज, म्हणजे लागणाऱ्या सर्व साधनांसह बांधलेला प्रणालीचा गठ्ठा, पाठवली जाते. नव्या मॅकवर नेहमीच्या आज्ञेने तयार केलेली इमेज लिनक्स आर्म६४ ची निघाली आणि सर्व्हरवर ती, फाइलचे स्वरूप चालवण्याजोगे नाही अशी चूक दाखवून, सुरू होताच बंद पडली. आता इमेज तयार करताना ‘लिनक्स/एएमडी६४’ हा प्लॅटफॉर्म स्पष्टपणे नमूद केला जातो. या बांधणीला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो, कारण इंटेलचा कोड आर्मवर अनुवादातून चालवावा लागतो. म्हणून ती सर्व्हरच्या बाजूलाच करावी, असे मी सुचवले आहे.

सौदे पुन्हा सुरू होऊन नेहमीचे काम नव्या संगणकावर स्थिर झाल्यानंतर होमब्रूच्या अनइन्स्टॉल स्क्रिप्टने ‘/यूएसआर/लोकल’ मधील जुनी मांडणी काढली. रोझेटा अद्याप ठेवले आहे, कारण पट्ट्या छापणाऱ्या जुन्या प्रिंटरचे मांडणी-साधन फक्त इंटेलसाठी उपलब्ध आहे. त्या प्रिंटरचा पर्याय मॅकओएस २७ नंतरची आवृत्ती येण्यापूर्वी शोधण्याचे काम कार्यालयाच्या यादीत नोंदवले आहे.